पाचवं चाक

तेरावा महिना लागला तेव्हा माझ्याकडे
अठ्ठावीस हजार बिर होते, पाच दिवसांची रजा,
आणि निलगिरीखाली, पत्र्याच्या आडोशाला,
बाबांची वोल्स.
सात पावसाळे ती तिथंच बसून,
डाव उठून गेला तरी
हातातले पत्ते न टाकणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

आमच्या अदिसात तेरावा महिना खरोखरच असतो.
पाच दिवसांचा.
त्याचा पगार कुणी देत नाही.

भाऊ फोनवर म्हणाला, विकून टाक.
बोलेमधल्या कॉफीवाल्याला भिंतीत बसवायला
नुसतं तोंड हवंय तिचं. दोन दिवे आणि टोपण.
बरं, विचार करते, म्हटलं,
आणि प्लग काढायला घेतले.

गाशे केल्बेसा दुपारी आले.
एका डोळ्यात मोतीबिंदू, खिशात काड्यापेटी.
पॉइंटमधलं अंतर ते काड्यापेटीच्या पुठ्ठ्यानं मोजतात.
मागचं झाकण उचललं, वास घेतला, म्हणाले,
आधी उंदीर काढ, मग बोलू.
पंख्याच्या घरात उंदरानं बाळंतपण केलेलं,
खाली अंथरलेली बाबांची विजेची बिलं,
तारीखवार लावलेली, आता भुसा.
एका तुकड्यावर त्यांची सही शाबूत होती.
ती मी कुठं ठेवली, आठवत नाही.

मर्कातोत एक गल्ली आहे, मिनालेश तेरा,
नावातच प्रश्न: काय आहे तुझ्याकडे?
पेट्रोलपंपाचा पडदा मिळाला, कुणाच्या तरी मेलेल्या गाडीतला.
क्लचची तार नवी घ्यावी लागली, तिथं घासाघीस चालेना.
बॅटरी महिनाभराच्या बोलीवर, उसनी.
सीटची स्प्रिंग टोचते, ती टोचू दे.

बाकी माझं माझ्या हातात होतं.
मी रात्रपाळीची नर्स, मला शिरा सापडतात.
कार्ब्युरेटरचे जेट सिरिंजनं धुतले,
सुई आत जाईना, तेव्हा त्याच्याशी बोलले,
जशी लहान मुलांशी बोलते: झालं, झालं, एवढंच.
टाकीत गंज होता, म्हणून सलाइनच्या बाटलीत पेट्रोल भरून
निलगिरीच्या फांदीला टांगलं.
थेंब थेंब.
शेजारची पोरं कुंपणावर चढून
पेशंट बघत होती.

व्हॉल्व्ह थंड इंजिनावरच जुळवायचे असतात,
रात्र सरल्यावर, कुणी काही पेटवायच्या आधी.
भावालाही मी पहाटेच फोन करते.

चौथ्या दिवशी ती खाकरली.
मग शिव्या दिल्या, मग धूर,
मग एकदम तो शिवणयंत्रासारखा आवाज.
शाळेतून येताना दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू यायचा,
आणि मी गृहपाठाची वही उघडून बसायची.
गाशेंनी टोपी काढली. डोकं खाजवायला, असेल.

काच धुळीनं आंधळी, म्हणून मी सहज
तिथली कळ दाबली. काय व्हायचंय, म्हटलं.
फिस्सकन पाणी उडालं, तिरकं,
काच सोडून गाशेंच्या कपाळावर.

हे पाणी कोण ढकलतं, माहीत आहे? ते तोंड पुसत म्हणाले.
पुढं, टोपणाखाली, जादा चाक आहे ना, पाचवं,
त्यातली हवा.

शेजारीण कुंपणावरून बोलली,
इंजिन मेलं तरी तुझे बाबा दर नव्या वर्षाला
हातपंप घेऊन यायचे, तेवढ्या एका चाकाशी.
गेल्या वर्षीही. मधे दोनदा बसले, दम लागला म्हणून.

मी कळ पुन्हा दाबणार होते.
नाही दाबली.

नव्या वर्षाच्या सकाळी एन्तोतोचा उतार पिवळ्या फुलांनी भरलेला.
ब्रेकचं काम पुढच्या पगारावर,
म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, मागचे हॉर्न ऐकत.
पंपावरच्या पोरानं नळी ओढत विचारलं, हवा?
चारांत भर.
आणि पुढच्या जादा चाकात?
ते राहू दे, म्हटलं,
आणि उतरून शालीच्या पदरानं काच पुसली.